लॉग चाळताना चाळणीवर काय उरतं ते बघा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका कास्टिंगच्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. हजेरी, चलन, बिलं, मालाचा साठा, सगळं एकाच उबुंटू लिनक्सच्या मशिनवर आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मालक काकांचा फोन आला. "बिल काढाय बसलं की नुसतं गोल फिरतंय. पोरांची हजेरी बी उशिरा उमटाय लागलीया. बघतोस काय जरा?"

मी गेलो, लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या ओळीओळीनं नोंदी ठेवतो त्या फाईली, उघडले आणि जे पहिल्यांदा डोळ्यांत भरलं तेच कारण धरून चाललो. बाहेरून कुणीतरी रात्रभर पासवर्डचे अंदाज मारत होतं. काकांना घरून काम करता यावं म्हणून राउटरवर एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगइन करायच्या सोयीचा, पोर्ट उघडा ठेवला होता, त्यातून हे चाललं होतं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, कुठल्या आयपी पत्त्यावरून किती प्रयत्न झाले त्याची यादी काढली, पोर्ट बंद केला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सर्व्हर तितकाच जड.

खरं कारण मी स्क्रिप्टला दिलेल्या फाईलींतच होतं. स्क्रिप्टनं त्या ओळी वाचल्या, साच्यात बसत नाहीत म्हणून सोडून दिल्या आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. त्याच कारखान्यात कास्टिंग फोडल्यावर वाळू पुन्हा वापरण्यासाठी चाळतात. वाळू खाली पडते, वर खिळे, धातूचे तुकडे, फुटलेल्या कोअरचे (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या ठोकळ्याचे) खडे राहतात. तिथला जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कारागीर, चाळणीवरचं बघितल्याशिवाय टाकत नाही. माझी स्क्रिप्ट मात्र न बघता टाकत होती. ती चूक दुरुस्त करताना मी जी पद्धत बसवली ती इथं पायरीपायरीनं सांगतो.

लिनक्सच्या टर्मिनलची सवय आणि पायथॉनची तोंडओळख एवढं पुरे आहे. आज्ञा आणि लॉगमधले शब्द उच्चाराप्रमाणे लिहितोय, पडद्यावर ते इंग्रजीत दिसतील.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

"लॉग बघूया" म्हणून बसलं की जे जास्त ओरडतंय त्याच्याच मागं आपण जातो. माझं तेच झालं. माझा खरा प्रश्न होता, "सकाळी ८ ते १० या वेळेत सर्व्हर कशामुळं थांबतोय?" मी उत्तर शोधलं ते "कोण घुसायचा प्रयत्न करतंय?" याचं. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे, पण वेगळे. प्रश्नात वेळ आणि जागा दोन्ही आल्या पाहिजेत. वेळ लिहिली की कुठल्या दिवसाच्या फाईली लागतील ते ठरतं, जागा लिहिली की कुठला प्रोग्राम बघायचा ते.

दुसरी पायरी: फाईल शोधा, प्रत काढा

लिनक्सवर बहुतेक लॉग 'व्हार' फोल्डरच्या आतल्या 'लॉग' फोल्डरमध्ये असतात. उबुंटू आणि डेबियनवर लॉगइनच्या नोंदी 'ऑथ डॉट लॉग' मध्ये आणि बाकीचा बराच माल 'सिसलॉग' मध्ये जातो. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर त्याच दोघांची नावं 'सिक्युअर' आणि 'मेसेजेस' अशी आहेत. उबुंटूवर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी 'कर्न डॉट लॉग' मध्येही असतात.

या फाईली वाचायला रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला वापरकर्ता, व्हायची गरज नाही. उबुंटू-डेबियनवर 'एडीएम' नावाचा गट असतो, त्यात आपला वापरकर्ता घातला की वाचण्यापुरती परवानगी मिळते. स्क्रिप्ट रूटच्या हक्कानं कधीच चालवू नका. जिला फक्त वाचायचं आहे तिच्या हातात पुसायची ताकद कशाला द्यायची?

मग प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. ती प्रत व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, हेही इथंच सांगतो. घाईत माणसं वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात, आणि सर्व्हर "या नावाचा वापरकर्ता नाही" अशी नोंद करताना तो पासवर्ड जसाच्या तसा लॉगमध्ये लिहून ठेवतो. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्या दिवशी त्या माणसाला फोन करून पासवर्ड बदलायला लावला.

डेबियन १२ पासून साध्या इन्स्टॉलेशनमध्ये या मजकुरी फाईली आपोआप तयार होत नाहीत, नोंदी सिस्टिमडीच्या (सिस्टिम सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जर्नलमध्येच राहतात. तिथं 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा वापरायची. तिला जेसन स्वरूपात माल मागितला तर प्रत्येक नोंद एका ओळीत, वेळ, प्रोग्राम, प्रक्रियेचा क्रमांक असं सगळं सुटं करून मिळते. तुमच्याकडं जर्नल असेल तर ओळ तोडायची पुढची बरीच मेहनत वाचेल. वेळ, मोजणी आणि पडताळणी यांबद्दल पुढं जे लिहिलंय ते मात्र तिथंही लागतं.

तिसरी पायरी: एक ओळ घेऊन बसा

स्क्रिप्ट लिहायच्या आधी फाईल 'लेस' मध्ये उघडा आणि वीसेक ओळी डोळ्यांनी वाचा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. जुन्या पद्धतीची एक ओळ साधारण अशी असते:

जुल  ५ ०३:१४:०७ कारखाना एसएसएचडी[१२३४]: फेल्ड पासवर्ड फॉर रूट फ्रॉम २०३.०.११३.७ पोर्ट ५२३४४ एसएसएच२

आयपी पत्ता मी मुद्दाम २०३.०.११३ या पट्ट्यातला घेतलाय. हा पट्टा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, त्यामुळं लेखात किंवा चाचणीत वापरला तरी कुणा खऱ्या माणसाच्या पत्त्यावर बोट जात नाही.

आता ओळ तोडू. पहिला भाग वेळेचा: महिन्याची तीन अक्षरं, तारीख, घड्याळ. मग मशिनचं नाव. मग प्रोग्रामचं नाव (इथं एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच सांभाळणारा), त्याला चिकटून चौकोनी कंसात प्रक्रियेचा क्रमांक. मग विसर्गासारखी दोन टिंबं. उरतो तो संदेश.

महिना आणि तारीख यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा आहेत, त्या नीट बघा. तारीख एकआकडी असली की तिची जागा भरायला आणखी एक मोकळी जागा येते. एकाच मोकळ्या जागेवर ओळ तोडणारी स्क्रिप्ट महिन्याच्या १ ते ९ तारखांना सगळे रकाने एक घर सरकवते आणि १० तारखेला आपोआप बरी होते. महिन्याच्या शेवटी लिहून तपासलेली स्क्रिप्ट पुढच्या आठवड्यात मोडते ती यामुळंच. पायथॉनच्या 'स्प्लिट' ला काहीच न सांगता बोलावलं तर तो कितीही मोकळ्या जागा एकच धरतो, तसं करा.

या ओळीत वर्ष नाही आणि टाइमझोनही नाही. सिसलॉगची, म्हणजे लॉग लिहायच्या या पद्धतीची, ही रीत १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल प्रोग्रामसोबत जन्मली आणि तशीच पसरत गेली. चालत आलेली ही रीत २००१ मध्ये आरएफसी ३१६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) मध्ये लिहून काढली गेली. २००९ च्या आरएफसी ५४२४ नं वर्षासकट आणि टाइमझोनसकट वेळ लिहायची पद्धत घालून दिली. नव्या उबुंटू-डेबियनवर वेळ आता वर्षापासून सुरू होणाऱ्या लांब स्वरूपात दिसते. तुमच्याकडं जुनी आणि नवी दोन्ही मशिनं असतील तर दोन्ही साचे लागतील.

चौथी पायरी: आधी टर्मिनलवरच चाळा

पायथॉन उघडायची घाई नको. पाच मिनिटांत अंदाज घ्यायला जुनी हत्यारंच भारी पडतात. 'ग्रेप' १९७३ पासून आहे आणि 'ऑक' १९७७ पासून, अजून धार गेलेली नाही.

'ग्रेप' नं "फेल्ड पासवर्ड" असलेल्या ओळी वेगळ्या काढा. त्या पाइपमधून 'ऑक' कडं द्या आणि त्याला शेवटून चौथा शब्द छापायला सांगा. शेवटून का, तर नाव अस्तित्वात नसेल तेव्हा एसएसएच मध्ये "इनव्हॅलिड युजर" असे दोन जादा शब्द घालतो. पुढून मोजलं तर पत्त्याची जागा बदलते, मागून मोजलं तर बदलत नाही. मग 'सॉर्ट', मग 'युनिक' ला मोजणीचा 'सी' पर्याय, मग परत 'सॉर्ट', यावेळी आकड्यांच्या हिशेबानं आणि उलट्या क्रमानं. वरच्या दहा ओळी 'हेड' नं घ्या.

पहिला 'सॉर्ट' गाळू नका. 'युनिक' फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी एकत्र करतो. एकच पत्ता फाईलमध्ये तीन ठिकाणी विखुरलेला असेल तर न लावलेल्या यादीत तो तीनदा येईल आणि प्रत्येक आकडा खोटा असेल.

एवढ्यानं प्रश्न सुटला तर इथंच थांबा. रोज तोच प्रश्न पडणार असेल, वेळेचा हिशेब लागणार असेल, किंवा अनेक फाईली जोडून बघायच्या असतील, तर मग स्क्रिप्ट.

पाचवी पायरी: साचा दोन टप्प्यांत बनवा

नवशिके पूर्ण ओळीसाठी एकच लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा सांगणारी खुणांची ओळ) लिहितात. ते वाचता येत नाही, आणि मोडलं की कुठं मोडलं तेही कळत नाही. डोकं वेगळं, धड वेगळं असं करा.

डोक्याचा साचा शब्दांत असा: ओळीच्या सुरुवातीला तीन अक्षरं, मग एक किंवा जास्त मोकळ्या जागा, एक किंवा दोन आकडे, मोकळी जागा, घड्याळाचे दोन-दोन आकडे. मग मशिनचं नाव, म्हणजे मोकळी जागा सोडून काहीही. मग प्रोग्रामचं नाव, म्हणजे मोकळी जागा, चौकोनी कंस आणि दोन टिंबं सोडून काहीही. मग चौकोनी कंसातला क्रमांक, असला तर. मग दोन टिंबं, आणि उरलेलं सगळं संदेश.

"असला तर" या दोन शब्दांवरच माझी पहिली स्क्रिप्ट फसली. मी कंसातला क्रमांक सक्तीचा केला होता, कारण मी वाचलेल्या वीस ओळींत तो प्रत्येक ठिकाणी होता. कर्नल ही काही एखादी प्रक्रिया नाही, त्यामुळं त्याच्या नोंदीत प्रोग्रामच्या नावामागं क्रमांक येत नाही. "कर्नल", लगेच दोन टिंबं, आणि मग बऱ्याचदा मशिन सुरू झाल्यापासूनचे सेकंद, असं असतं. म्हणजे माझा साचा कर्नलची एकूण एक ओळ फेकत होता. डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड यांच्या तक्रारी कर्नलच करतो. नेमका ज्याला बोलू द्यायचं त्याचंच तोंड मी दाबलं होतं.

धडाचे साचे प्रोग्रामप्रमाणे वेगळे ठेवा. एसएसएचडीसाठी चुकलेल्या पासवर्डचा एक, बरोबर लॉगइनचा एक. कर्नलसाठी डिस्कच्या त्रुटीचा एक. हळूहळू यादी वाढते.

मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. पायथॉन ३ मध्ये आकड्यासाठीची 'बॅकस्लॅश डी' ही खूण देवनागरी आकड्यांनाही जुळते, आणि 'इंट' ला "१२" दिलं तर तो मुकाट्यानं बारा समजतो. मराठी नावं-आकडे असलेल्या बिलिंगच्या लॉगमध्ये हे उपयोगाचं आहे. सिस्टिम लॉगमध्ये मात्र साच्यात शून्य ते नऊ असा इंग्रजी आकड्यांचा पट्टाच लिहा, म्हणजे अनपेक्षित काही आलं तर ते उरलेल्यांत पडेल आणि तुम्हाला दिसेल.

सहावी पायरी: स्क्रिप्टचा सांगाडा

सांगाडा मराठीत लिहितो. पायथॉनमध्ये उतरवायला अवघड नाही.

एकूण = ०
ओळखलेल्या = ०
मोजणी = रिकामा काउंटर
उरलेल्या = रिकामा काउंटर

प्रत्येक फाईल, जुन्यापासून नव्यापर्यंत:
  प्रत्येक ओळ, एका वेळी एक:
    एकूण मध्ये १ मिळवा
    डोक्याचा साचा लावा
      जुळला नाही: उरलेल्यांत "डोकं नाही" खाली १ मिळवा, नमुना ठेवा, पुढची ओळ
    प्रोग्रामच्या नावाप्रमाणे धडाचे साचे लावा
      एकही जुळला नाही: उरलेल्यांत त्या प्रोग्रामच्या नावाखाली १ मिळवा, नमुना ठेवा, पुढची ओळ
    ओळखलेल्यांत १ मिळवा
    मोजणीत घटना, पत्ता आणि तास या तिघांच्या एकत्र नावाखाली १ मिळवा

शेवटी: एकूण = ओळखलेल्या + सगळे उरलेले, हे जुळतं का ते छापा

"एका वेळी एक" याला अर्थ आहे. अख्खी फाईल एकदम मेमरीत ओढणारी स्क्रिप्ट छोट्या फाईलवर पळते आणि मोठ्या फाईलवर, जड झालेल्या सर्व्हरवर, त्यालाच आणखी खाली बसवते. पायथॉनमध्ये फाईलवर सरळ 'फॉर' फिरवलं की ओळी एकेक करून येतात. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा आणि चुकीचे बाइट आले तर बदलून घे असंही सांगा. नाहीतर बाहेरच्या कुणी पाठवलेलं एक वेडंवाकडं अक्षर मध्यरात्री स्क्रिप्ट पाडतं.

काउंटर हा पायथॉनच्या 'कलेक्शन्स' मध्ये तयार मिळतो. नमुना म्हणजे प्रत्येक उरलेल्या गटातल्या पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा. आकडा सांगतो किती उरलं, काय उरलं ते नमुन्यातच दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी ही मोजणी घातली आणि स्क्रिप्ट परत चालवली. "डोकं नाही" या गटात ओळींचा ढीग होता आणि नमुन्यांत तिन्ही ओळी कर्नलच्या. त्यात 'आय-ओ एरर', पुढं डिस्कचं नाव 'एसडीए', पुढं सेक्टरचा क्रमांक. डिस्क मरत होती. वाचायला गेलं की अडकायची, परत प्रयत्न करायची, आणि तोवर बिलाचा पडदा गोल फिरत बसायचा. साचा दुरुस्त करून तासाप्रमाणं मोजलं तर त्रुटी दोन वेळांना एकवटल्या होत्या: सकाळी ८ नंतर पाळी सुरू होताना, आणि पहाटे बॅकअप चालतो तेव्हा. काकांना फोन केला आणि सांगितलं, "काका, आज बिलं थांबवा. आधी सगळा डेटा बाहेर काढतो, मग नवी डिस्क बसवतो." त्यांनी एक प्रश्नही न विचारता थांबवलं. डेटा पूर्ण वाचला.

सातवी पायरी: वेळ नीट लावा

जुन्या ओळीत वर्ष नाही, ते आपण घालायचं. पायथॉनचा 'स्ट्रपटाइम' वर्ष नसेल तर १९०० धरतो. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. म्हणून २९ फेब्रुवारीची ओळ आली की "असा दिवसच नाही" म्हणून तो त्रुटी देतो. चार वर्षांतून एकदा येणारी ही चूक शोधायला फार त्रास होतो. उपाय सोपा आहे: वाचायच्या आधीच ओळीच्या पुढं वर्ष जोडा. कुठलं वर्ष? आधी चालू वर्ष धरा. येणारी तारीख आजच्यापेक्षा एका दिवसाहून जास्त पुढची निघाली तर एक वर्ष वजा करा. जानेवारीत डिसेंबरच्या फाईली वाचताना हे हटकून लागतं.

टाइमझोन हा दुसरा खड्डा. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, असतात, भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. लॉगमध्ये २१:३० दिसत असेल तर कोल्हापुरात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे ३ वाजलेले असतात. नुसता तास चुकत नाही, तारीखच बदलते आणि "काल किती झालं" याचं उत्तर चुकतं. आत मोजणी करताना सगळं यूटीसीत आणा, छापताना फक्त भारतीय वेळेत बदला. आणि दोन मशिनांचे लॉग जोडण्याआधी दोघांची घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून घड्याळ लावायच्या सोयीनं) जुळलेली आहेत का ते बघून घ्या.

आठवी पायरी: फसवणाऱ्या ओळी

इथं थोडं थांबतो, कारण हे कुणी सांगत नाही.

तीच ती नोंद लागोपाठ आली की आरसिसलॉग, म्हणजे लॉगच्या फाईली लिहिणारा प्रोग्राम, कधी कधी ती परत लिहित नाही. "मेसेज रिपीटेड ५ टाइम्स" असं लिहून मूळ संदेश चौकोनी कंसात घालतो. ही एक ओळ म्हणजे ५ घटना. एक धरलीत तर हल्ला आहे त्यापेक्षा लहान दिसतो. शिवाय शेवटी कंस असल्यानं "ओळ इथं संपते" असा साचा तिला जुळत नाही. म्हणून संदेश धडाच्या साच्याकडं द्यायच्या आधी हे वेष्टन सोला, आकडा बाजूला ठेवा आणि मोजणीत १ च्या जागी तो मिळवा.

दुसरी ओळ जास्त धोक्याची. वापरकर्त्याचं नाव समोरचा माणूस ठरवतो आणि त्यात तो मोकळ्या जागाही घालू शकतो. समजा कुणी लॉगइन करताना नावच "रूट फ्रॉम १९२.०.२.१" असं दिलं. लॉगच्या ओळीत आता दोन "फ्रॉम" आले. पहिल्या "फ्रॉम" नंतरचा पत्ता उचलणारी स्क्रिप्ट हल्लेखोरानं सांगितलेला पत्ता उचलते. त्या यादीवरून पत्ते आपोआप बंद करत असाल तर समोरचा तुमच्याच हातून तुमच्याच ऑफिसचा पत्ता बंद करवू शकतो. म्हणून साचा मागून बांधा: "फ्रॉम", पत्ता, "पोर्ट", आकडा, "एसएसएच२", आणि तिथंच ओळ संपली पाहिजे. मधलं काहीही असो, ते नाव.

तिसरी गोष्ट अपडेटची. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्राम) ९.८ पासून या नोंदी 'एसएसएचडी' ऐवजी 'एसएसएचडी-सेशन' या नावानं येतात. फक्त जुन्या नावावर चाळणारी स्क्रिप्ट अपडेटनंतर शून्य दाखवते, आणि शून्य बघून माणूस निर्धास्त होतो. उरलेल्यांची मोजणी असेल तर त्याच दिवशी एक नवं नाव यादीत वर आलेलं दिसतं. शून्य दिसलं तर त्याचीही चौकशी करा.

नववी पायरी: जुन्या फाईली जोडा

लॉगरोटेट हा प्रोग्राम दर आठवड्याला किंवा रोज चालू फाईल बाजूला ठेवून नवी सुरू करतो. चालू फाईल 'ऑथ डॉट लॉग', तिच्या आधीची शेवटी १ लागलेली, त्याआधीची २ लागलेली आणि जीझिपनं दाबलेली. दाबलेल्या फाईली टर्मिनलवर 'झेडकॅट' आणि 'झेडग्रेप' नं वाचता येतात, पायथॉनमध्ये 'जीझिप' मॉड्यूल आहे. शेपूट 'जीझेड' असेल तर ते वापरा, नाहीतर साधं 'ओपन'. फाईलींची नावं अक्षरक्रमानं लावू नका, १० हा २ च्या आधी येतो. नावातला आकडा काढून त्यावर उतरता क्रम लावा, म्हणजे सगळ्यात जुनी फाईल पहिली येते.

दहावी पायरी: उत्तर माहीत असलेली फाईल द्या

बारा-पंधरा ओळींची चाचणी फाईल हातानं बनवा. त्यात घाला: चुकलेल्या पासवर्डच्या ३ साध्या ओळी, "इनव्हॅलिड युजर" ची १, "रिपीटेड" ची १, दोन "फ्रॉम" असलेली १, एकआकडी तारखेची १, २९ फेब्रुवारीची १, कर्नलच्या २, अर्धवट तुटलेली १ आणि एक पूर्ण रिकामी. प्रत्येकीचं काय व्हायला हवं ते कागदावर लिहा. स्क्रिप्टचं उत्तर कागदाशी जुळेपर्यंत खऱ्या लॉगला हात लावू नका.

मग खऱ्या फाईलवर दोन ताळे घ्या. 'डब्ल्यूसी' ला 'एल' पर्याय देऊन ओळी मोजा, आकडा स्क्रिप्टच्या एकूणशी जुळला पाहिजे. एकाचा फरक पडला तर घाबरू नका, 'डब्ल्यूसी' ओळीच्या शेवटची खूण मोजतो आणि अर्धवट लिहिली जात असलेल्या शेवटच्या ओळीला ती नसते. दुसरा ताळा, "फेल्ड पासवर्ड" च्या ओळी 'ग्रेप' नं मोजून. इथं "रिपीटेड" चा हिशेब ध्यानात ठेवा, 'ग्रेप' ओळी मोजतो, तुमची स्क्रिप्ट घटना.

रोजच्या कामाला लावताना

स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सकाळी ७ ला लावली आहे, पाळीच्या तासभर आधी. क्रॉनला तुमच्या टर्मिनलइतकं वातावरण मिळत नाही, म्हणून पायथॉनचा आणि फाईलींचा पूर्ण मार्ग लिहा. अहवाल एका पानाचा ठेवा. माझ्या अहवालात सगळ्यात वर उरलेल्या ओळी असतात, गटवार, नमुन्यांसकट. त्याखाली कर्नलच्या डिस्क-मेमरीच्या तक्रारी, मग यशस्वी लॉगइन आणि सगळ्यात शेवटी फसलेले प्रयत्न. फसलेल्यांपेक्षा यशस्वी लॉगइन वर का? दार ठोठावणारे हजार असले तरी चालतं, आत आलेला एक कोण हे आधी कळायला हवं.

पत्ते आपोआप अडवायचं काम स्वतःच्या स्क्रिप्टला देऊ नका. त्यासाठी फेल टू बॅन हे तयार आणि बरीच वर्षं वापरात असलेलं साधन आहे. त्याहून चांगलं म्हणजे एसएसएचला पासवर्डनं लॉगइन बंद करून की वापरा, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या मशिनवर ठेवलेली किल्लीची फाईल. काकांकडं आता तसंच आहे, आणि घरून काम व्हीपीएनमधून चालतं.

शेवटची पायरी साठवणीची. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या सिस्टिमचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपून ठेवायचे आहेत, आणि ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. बऱ्याच मशिनांवर लॉगरोटेट आठवड्याला फाईल बदलतो आणि चारच जुन्या ठेवतो, म्हणजे महिनाभराचाच माल. त्याच्या सेटिंगमध्ये 'रोटेट' पुढचा ४ काढून २६ करा. सव्वीस आठवड्यांचे १८२ दिवस होतात. डिस्कवर तेवढी जागा आहे का ते आधी तपासा, आणि दर रविवारी या फाईलींची एक प्रत दुसऱ्या मशिनवर जाऊ द्या. काकांच्या कारखान्यात ती प्रत पहिल्या मजल्यावरच्या मशिनवर जाते.